गोपनीयता धोरण बदलल्याचे कळवले म्हणजे आमची संमती मिळाली का?

मूळ लेखन

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲप उघडल्यावर एक चौकट दिसू लागली होती, ती अनेकांना आठवत असेल. गोपनीयता धोरण बदलले आहे, ८ फेब्रुवारीपर्यंत ते मान्य करा, अन्यथा ॲप वापरता येणार नाही, असा तिचा आशय होता. गदारोळ झाल्यावर मुदत १५ मेपर्यंत वाढवण्यात आली. धोरण बदलण्याला माझा विरोध नाही. कळवण्याच्या या पद्धतीला आहे. चौकटीत दोन-तीन मोघम मुद्दे होते, परंतु जुन्या धोरणातले कोणते वाक्य गेले, कोणते आले आणि त्यामुळे माझ्या माहितीचे आजपासून काय होणार, हे समजायला संपूर्ण कायदेशीर मजकूर वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते. ऑगस्ट २०१६ मधल्या बदलाच्या वेळी, आपली माहिती फेसबुकला (व्हॉट्सॲपची मालक कंपनी, आताचे नाव मेटा) जाहिरातींसाठी वापरू न देण्याचा पर्याय निदान तीस दिवस खुला होता. २०२१ मध्ये तसा पर्याय नव्याने दिलाच नाही.

प्रतिसाद १

असहमत. खाजगी संभाषणांचे एन्क्रिप्शन (संदेश तिसऱ्या कोणाला वाचता येऊ नये म्हणून केलेले कुलूपबंद रूपांतर) त्या बदलाने जराही सैल झाले नव्हते. बदल मुख्यतः व्यावसायिक खात्यांशी होणाऱ्या संवादाबद्दल होता आणि कंपनीने तसा खुलासाही केला होता. सेवा विनामूल्य आहे, करार ऐच्छिक आहे. ज्यांना पटले नाही ते त्याच महिन्यात सिग्नल आणि टेलिग्राम या दुसऱ्या संदेश ॲपकडे वळले.

मूळ लेखकाचे उत्तर

खुलासा झाला, पण घबराट पसरल्यानंतर, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन. जे जाहिरातीत सोप्या शब्दांत मांडता आले, ते चौकटीत का मांडले नाही? ‘ऐच्छिक’ या शब्दाबद्दल तर मला फारच आक्षेप आहे. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या वेळा, मुलीच्या शाळेच्या सूचना आणि गावाकडच्या भावकीचे निरोप एकाच ॲपवर येतात. मी एकटा बाहेर पडलो तर हे सारे माझ्यामागून येत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच सक्तीवर बोट ठेवून मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला.

प्रतिसाद २

त्या निकालाची पुढची बाजूही सांगायला हवी. व्हॉट्सॲपने जाहिरातींसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना माहिती देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द केली; दंड मात्र कायम ठेवला.

प्रतिसाद ३

मी दुकानदारांसाठी उधारीच्या नोंदींचे एक छोटे ॲप चालवतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागणार आहे. म्हणजे बावीस भाषा! मोठ्या कंपन्या वकिलांची फौज ठेवतील. आमच्यासारखे भाषांतर करून घेतील आणि ‘उपरोक्त प्रयोजनार्थ प्रक्रिया’ असला मजकूर ग्राहकाच्या माथी मारतील, जो इंग्रजीपेक्षाही दुर्बोध असेल.

मूळ लेखकाचे उत्तर

आपली अडचण खरी आहे, परंतु दोष मराठीचा नसून मूळ मसुद्याचा आहे. ‘आजपासून तुमचा फोन नंबर आम्ही कर्ज देणाऱ्या कंपनीला देणार आहोत’ हे वाक्य आपल्या प्रत्येक दुकानदाराला कळेल आणि त्याचे भाषांतरही कुठल्याही भाषेत अडणार नाही. ते लिहिताना अवघडल्यासारखे वाटत असेल, तर अडचण भाषेची नाही. त्याखाली जुने कलम आणि नवे कलम शेजारी-शेजारी ठेवावे आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला जुन्या अटींवर सेवा चालू ठेवावी.

प्रतिसाद ३ देणाऱ्याचे उत्तर

शेजारी-शेजारी मजकूर ठेवणे मला जमेल, आणि पुढच्या बदलाच्या वेळी मी ते करीन. शेवटची मागणी मात्र मान्य नाही. काही ग्राहक जुन्या धोरणाखाली आणि काही नव्या, असे झाले तर त्यांच्या नोंदी कायम वेगळ्या सांभाळाव्या लागतील, आणि दोन माणसांच्या कंपनीला ते झेपणार नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

दोन माणसांच्या कंपनीसाठी सवलत असावी, हे मी मान्य करतो. परंतु २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने युरोपातल्या लोकांसाठी वेगळे धोरण ठेवलेच होते. त्यांना जे तिथे झेपले, ते इथे झेपत नाही असे म्हणता येणार नाही.