साडेनऊ बोटांनी गोल्फची काठी कशी धरावी?

माळकरी_अंबाजोगाई
नमस्कार मंडळी. वय 54, अंबाजोगाईजवळ शेती. पुण्यातल्या भाच्यानं नवा सेट घेतला आणि जुना माझ्या गाडीत टाकला. "मामा, एवढं रान मोकळं पडलंय, मारा की!" दिवाळीपासून सोयाबीन निघालेल्या तुकड्यात रोज संध्याकाळी साठ बॉल मारायलो. गावात आधी हसले, आता बघायला येतात.

अडचण अशी की कडबाकुट्टीत माझ्या उजव्या करंगळीचं वरचं पेर गेलेलं आहे. व्हिडिओत दाखवतात तशी ती डाव्या तर्जनीत अडकवायला गेलो की ठणका लागतो. म्हणून कुऱ्हाडीसारखं दोन्ही मुठींत गच्च धरतो. बॉल सरळ निघतो, अर्ध्यातून वळतो आणि उजवीकडं बांधावरच्या बोरीत जातो. कायम तीच बोर. काटे काढून काढून पोरं वैतागली. वर डाव्या तळव्यावर, करंगळीच्या बाजूला, मोठा फोड. टिकाव-फावड्यानं घट्टे पडलेल्या हाताला फोड येतो म्हणजे काहीतरी चुकायलंय.

बोटं न गुंतवता सगळी दांड्यावरच ठेवली तर नियमात बसतं का? तशी माझी दहा नाहीत, साडेनऊच आहेत.

जुना_कॅडी
दादा, बसतं. काठी अंगाला टेकवून मारायला 2016 पासून बंदी आहे, पण बोटं कशी ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पुण्यात अकरा वर्षं साहेबलोकांच्या पिशव्या वाहिल्या. तऱ्हेतऱ्हेचे हात बघितलेत.

तुमची करंगळी राहू द्या बाजूला, खोट डाव्या तळव्यात आहे. भरलेली बादली उचलताना कडी कुठं येते? तळव्यात नाही, बोटांच्या मुळाशी. काठीही तशीच धरायची, तर्जनीच्या मधल्या पेरावरून करंगळीच्या मुळाकडं तिरपी. तळव्यात धरली की मनगट नीट वाकत नाही, काठी आतल्या आत फिरते आणि तिथंच फोड येतो. डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांनी पकड ठेवा, बाकी हात सैल. अंगठा दांड्याच्या मधोमध नको, किंचित उजवीकडं. खाली बघितल्यावर डाव्या मुठीच्या दोन गाठी दिसल्या पाहिजेत. तुम्हाला आत्ता एखादीच दिसत असणार, म्हणून बोर.

लातूरकर_72
दहा बोटांची पकड म्हणजे कच्चेपणा असं काही नाही. बॉब रॉसबर्गनं 1959 ची पीजीए, म्हणजे अमेरिकेतली मोठी गोल्फ स्पर्धा, तशाच पकडीनं जिंकली. माझ्या बायकोच्या बोटांना संधिवात आहे, तीही तशीच धरते आणि माझ्यापेक्षा सरळ मारते. (हे तिला सांगू नका.) फक्त दोन्ही हातांमध्ये फट ठेवू नका काका. फट राहिली की हात एकमेकांशी भांडतात.

जुना_कॅडी
लातूरकर, तुमचं बरोबर आहे, पण दादांना मी आधी ओव्हरलॅप करून बघा म्हणेन. त्यात उजवी करंगळी दांड्याला लागतच नाही, डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या खाचेवर नुसती टेकते. हॅरी व्हार्डननं ही पकड गाजवली आणि ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली. ज्या बोटाला कामच नाही ते अर्धं असलं काय नि पुरं असलं काय! जॅक निकलस आणि टायगर वूड्स हे नावाजलेले खेळाडू बोटं गुंतवतात म्हणून व्हिडिओवाले तेच दाखवत बसतात. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. ठणका लागतो तर सोडा.

आणि सेट ठेवता कुठं?

माळकरी_अंबाजोगाई
पत्र्याच्या शेडमध्ये, खताच्या पोत्यांमागं.

जुना_कॅडी
मग रबर वाळून गुळगुळीत झालं असणार. निसटतं म्हणून तुम्ही आवळता. कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा. तरी चकाकलं तर पॉलिश पेपर हलका फिरवा. आणि घरात आणून ठेवा हो.

माळकरी_अंबाजोगाई
आठ दिवसांनी लिहायलोय. पहिले तीन दिवस तर बॉलला काठी लागेना, रोज मातीच उकरली, काठी म्हणजे कुणा दुसऱ्याची मूठ धरल्यासारखी. बादलीची कडी मनात धरली तेव्हा जमलं. करंगळी वर टेकून ठेवतो, ठणका नाही. फोड सुकला. काल साठातले फक्त नऊ बोरीत गेले.

पण आता चार-पाच बॉल डावीकडं, चुलतभावाच्या ज्वारीत जायलेत. बांधाच्या वादापासून आमचं बोलणं नाही. बॉल आणायला कुणाला पाठवू?

जुना_कॅडी
डाव्या मुठीच्या तीन गाठी दिसायला लागल्या असतील. हात थोडा परत डावीकडं फिरवा, दोनच दिसू द्या. ज्वारीतले बॉल राहू द्या काढणीपर्यंत.