परदेशी कंपनीचे घरून काम आणि ब्रिटनच्या जोडीदार व्हिसासाठी उत्पन्नाची अट

प्रश्न : लेस्टरकर

नमस्कार मंडळी. मी ब्रिटिश नागरिक असून लेस्टरला राहतो आणि सप्टेंबर 2024 पासून एका अमेरिकन कंपनीचे काम घरून करतो. कंपनीचे ब्रिटनमध्ये कार्यालय नाही. करारात माझा उल्लेख ‘कॉन्ट्रॅक्टर’ असा असून दर महिनाअखेरीस मी 3,200 डॉलरचे इन्व्हॉइस पाठवतो आणि आठवडाभरात पैसे खात्यात जमा होतात. गेल्या फेब्रुवारीत आमचे लग्न झाले. पत्नी कोल्हापूरला असते आणि बंगळुरूच्या एका कंपनीचे काम तीही घरूनच करते. तिचे वार्षिक वेतन बारा लाख रुपये आहे.

पत्नीला जोडीदार व्हिसावर इकडे आणायचे तर वार्षिक उत्पन्नाची अट 29,000 पौंडांची आहे हे मला माहीत आहे. जानेवारीत पौंड सव्वा डॉलरच्या खाली गेला होता, तेव्हा माझे 38,400 डॉलर तीस हजार पौंडांच्या वर जात होते आणि मी निर्धास्त होतो. आता सप्टेंबरात 1 पौंडाला 1.35 डॉलर धरले, तर तीच रक्कम 28,444 पौंडांवर येते. पगार एका सेंटनेही कमी झालेला नसताना मी अटीत बसेनासा झालो आहे. पत्नीचे वेतन यात मिळवता येईल का, आणि माझे उत्पन्न नेमके कोणत्या प्रकारात मोडते?

प्रतिसाद : हिशेबनीस

आधी पत्नीच्या वेतनाचे सांगतो, कारण तिथेच बहुतेकांची फसगत होते. भारतातून पहिला अर्ज करताना अर्जदाराची भारतातली नोकरी धरली जात नाही, मग तिचे वेतन बारा लाख असो वा चाळीस लाख. त्या इकडे येऊन काम करू लागल्या की अडीच-पावणेतीन वर्षांनी मुदतवाढीच्या अर्जात त्यांची इथली कमाई तुमच्या कमाईत मिळवता येते. तोवर सगळा भार तुमच्याच उत्पन्नावर आहे.

तुम्ही इन्व्हॉइस देता, म्हणजे कागदोपत्री तुम्ही स्वयंरोजगारी आहात, आणि दरमहा एकच रक्कम येते म्हणून तिला पगार म्हणता येणार नाही. व्हिसाच्या नियमांत उत्पन्नाचे प्रकार अक्षरांनी ओळखले जातात; स्वयंरोजगाराचे उत्पन्न त्यातल्या ‘कॅटेगरी एफ’मध्ये मोजतात. त्यात शेवटचे पूर्ण झालेले कर-वर्ष, म्हणजे 6 एप्रिल ते 5 एप्रिल, धरले जाते आणि पाहिला जातो तो करपात्र नफा, जमा झालेली एकूण रक्कम नव्हे. 2024-25 मध्ये तुमचे जेमतेम सातच महिने भरतात, त्यामुळे ते वर्ष उपयोगाचे नाही. 2025-26 चे पूर्ण वर्ष धरले तरी सरासरी दर 1.33 असेल तर 28,872 पौंडच होतात, आणि त्यातून लॅपटॉप, इंटरनेट असा खर्च वजा दाखवला की आकडा आणखी खाली येतो. कर वाचवण्यासाठी प्रत्येक पावती जपून ठेवणारा माणूस व्हिसाच्या अर्जात नेमका त्याच पावत्यांमुळे अडचणीत येतो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

बचतीचा आधार घेऊ असे मनात असेल, तर स्वयंरोजगाराच्या उत्पन्नाला बचतीची जोड देताच येत नाही. पगाराला देता येते, पण तिथला हिशेबही विचित्र आहे : पहिले 16,000 पौंड मोजलेच जात नाहीत आणि त्यावर तुटीच्या अडीचपट रक्कम लागते. म्हणजे 556 पौंडांच्या तुटीसाठी 17,390 पौंड सहा महिने खात्यात असावे लागतात. केवळ बचतीवर अर्ज करायचा, तर 88,500 पौंड.

आणखी एक, व्हिसाहून तातडीचे. सेल्फ असेसमेंटसाठी, म्हणजे आपले कर-विवरण आपणच भरण्यासाठी, एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या कर खात्याकडे) नोंदणी केली आहे ना? 2024-25 साठी नोंदणीची मुदत 5 ऑक्टोबर 2025 आहे.

प्रतिसाद : टेम्सकाठी

हिशेबनीस यांनी मांडलेले गणित बरोबर आहे. मी त्यातून बाहेर पडण्याची वाट सांगते. मी एका जर्मन कंपनीसाठी रेडिंगमधून काम करत होते आणि पती नाशिकला होते. कंपनीला इथे पीएवायई, म्हणजे पगारातूनच कर कापून भरण्याची योजना उघडायची नव्हती, म्हणून आम्ही ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’चा मार्ग धरला. यात ब्रिटनमधली एक मध्यस्थ कंपनी तुम्हाला कायदेशीरपणे नोकरीवर ठेवते, पौंडांत पगार देते, कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याचा हप्ता) कापून वेतनचिठ्ठी देते. काम मात्र तुम्ही पूर्वीच्याच कंपनीचे करता. पगार पौंडांत ठरल्यावर विनिमय दराचा प्रश्नच उरत नाही. परकीय चलनातला पगार असता, तर तो अर्जाच्या दिवशीच्या ओआंडा या विनिमय दरांच्या संकेतस्थळावरील दराने मोजला गेला असता, आणि त्या एका दिवसावर माझी भिस्त ठेवायची तयारी नव्हती.

मध्यस्थ नको असेल तर ‘डीपीएनआय’ योजनेत कर्मचारी स्वतःच आपला कर आणि विमा भरतो. ती वाट आहे, पण दर महिन्याचा हिशेब आपल्याच गळ्यात पडतो.

कंपनीशी बोलताना एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. एप्रिल 2025 पासून मालकाला 5,000 पौंडांवरील पगारावर 15 टक्के नॅशनल इन्शुरन्स भरावा लागतो. 30,000 च्या पगारावर ते 3,750 पौंड होतात; शिवाय पेन्शनचा वाटा आणि मध्यस्थाचे शुल्क. हा बोजा तुमच्याच रकमेतून वळता करू असे कंपनी म्हणाली, तर तुमचा पगार 29,000 च्या बराच खाली जाईल. त्यामुळे मानधनवाढीची मागणी आणि मध्यस्थामार्फत नोकरीची मागणी एकाच पत्रात करा.

माझी एक चूकही सांगते. नोकरीच्या पत्रात पद, नोकरीचे स्वरूप, वार्षिक ढोबळ पगार आणि रुजू झाल्याची तारीख होती, पण हा पगार केव्हापासून मिळतो आहे हे वाक्य राहून गेले. मनुष्यबळ विभागाने छापील नमुना पाठवला आणि मीही तो न वाचता जोडला. खुलासा मागणारा ईमेल आला, सुधारित पत्र मिळवण्यात तीन आठवडे गेले आणि त्या तीन आठवड्यांत मी रात्री धड झोपले नाही.

लेस्टरकर

आपणा दोघांचेही मनापासून आभार. एचएमआरसीची नोंदणी केलेली नव्हती. काल रात्रीच केली. कंपनीशीही बोललो. पौंडांत 30,000 पगार आणि 1 ऑक्टोबरपासून मध्यस्थामार्फत नोकरी याला त्यांनी तत्त्वतः मान्यता दिली आहे. वरचा खर्च कोणी सोसायचा यावर अजून घासाघीस चालू आहे. एक शंका उरते. सासरे म्हणतात की मुलीच्या नावे बँकेत ठेव आहे, ती दाखवावी. तिचा काही उपयोग होईल का?

प्रतिसाद : हिशेबनीस

ठेव पत्नीच्या नावावर असेल तर चालते, दंड भरून का होईना पण ती केव्हाही मोडता आली पाहिजे. वडिलांनी दिलेले पैसे असतील तर ते कर्जाऊ नाहीत हे लेखी घ्या. पण 30,000 पगार ठरल्यावर तिची गरजच पडणार नाही, म्हणून सासऱ्यांना ती मोडायला लावू नका. पगारदारांच्या ‘कॅटेगरी ए’मध्ये एकाच मालकाकडची सहा महिन्यांची नोकरी लागते. ऑक्टोबर ते मार्च अशा सहा वेतनचिठ्ठ्या आणि त्या काळातले बँक विवरण जमवा, निव्वळ पगाराचा आकडा दोन्हीकडे जुळतो का ते ताडून पाहा आणि एप्रिलमध्ये, शेवटची चिठ्ठी व विवरण 28 दिवसांहून जुने होण्याआधी अर्ज करा. मधल्या काळात पगारात एका महिन्याचीही कपात मान्य करू नका, कारण सहा महिन्यांतला सर्वांत कमी पगारच हिशेबात धरला जातो.