शिष्यत्वाची किंमत टिळकांनी मोजली की लक्ष्मीबाईंनी?

खडूस वाचक (धागाकर्ता)
चर्चमध्ये 'शिष्यत्वाची किंमत' हा विषय निघाला की मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक हटकून येतात. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, जात गेली, नातलग तुटले, बायको-मुलगा दुरावले. मंडळी भारावते. माझं घोडं त्या 'दुरावले'पाशी अडतं. टिळकांनी पाऊल उचललं ते स्वतःच्या मनानं, विचार करून. लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं होतं? नवरा धडधाकट जिवंत, तरी सवाष्णीचा मान नाही. पदरात लहानगा दत्तू, आणि राहायचं नातेवाइकांच्या आधारानं. लूक १४ मध्ये येशू सांगतो, बुरूज बांधायला काढण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करा. बरोबरच आहे. पण खर्च बायकोच्या नावावर टाकायचा आणि त्यागी आपण म्हणवून घ्यायचं, हे मला पटत नाही.

शब्दसेवक
बुरुजाच्या दोनच वचनं वर काय आहे ते सोयीनं गाळलंत. आईबाप, बायकोमुलं, स्वतःचा जीवसुद्धा ज्याला ख्रिस्तानंतर ठेवता येत नाही, तो शिष्य होऊ शकत नाही. घरच्यांच्या संमतीसाठी थांबायचं म्हटलं असतं तर त्या काळात एकही माणूस ख्रिस्ती झाला नसता. शिवाय टिळकांनी बायकोला टाकलं नव्हतं, ते तिला बोलावतच होते. ताटातूट केली ती जातीनं. दंड ठोठावणारे नामानिराळे आणि दंड भरणारा गुन्हेगार, हा कुठला न्याय?

देहूचा दगड
मी वारकरी घरातला, तरी बोलतो. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन चढणाऱ्या तुकोबांच्या बायकोला, आवलीला, आपण साडेतीनशे वर्षं कजाग ठरवत आलो. घरात दाणा नाही, पोरं उपाशी, आणि नवरा अभंगात रमलेला. तिथे कुणी विचारत नाही किंमत कुणी मोजली म्हणून. मग टिळकांनाच का धरता? 'तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो' असं ते स्वतःच सांगायचे. वारसा पुरता घेतला म्हणा की!

खडूस वाचक
@देहूचा दगड, आवलीबद्दल शंभर टक्के मान्य. तिच्यावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.
@शब्दसेवक, वचनंच काढायची तर पेत्राला सासू होती, म्हणजे बायको होती. पौल १ करिंथ ९ मध्ये लिहितो की केफा, म्हणजे हाच पेत्र, बायकोला सोबत घेऊन फिरतो. आणि मार्क ७ मध्ये 'हे देवाला वाहिलंय' असं म्हणून आईबापांना हात न देणाऱ्यांची येशूनं चांगली खरडपट्टी काढली आहे. ती वचनं प्रवचनात कधी ऐकू येत नाहीत.

माजघर
दोघेही लक्ष्मीबाईंना बिचारी करून मोकळे. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलंय ना? टिळकांकडे नगरला राहायला आल्यावरही बाईंनी सोवळं सोडलं नव्हतं. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात हिचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद खोटा आहे हे स्वतःला पटलं तेव्हा बाईंनी तो टाकला, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. बाई नवऱ्याच्या शिष्या झाल्या नाहीत. उलट त्याच्या विक्षिप्तपणाला हसत हसत लिहून गेल्या. किंमत लादली गेली हे खरं, पण पुढचा निर्णय त्यांचा होता, तो तरी काढून घेऊ नका.

प्रवराकाठ
चर्चा छान चाललीय, पण सगळी ब्राह्मण वाड्यातली. आमच्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार-मांग. सोवळं सुटण्याचा प्रश्न नव्हता, ते कधी मिळालंच नव्हतं. आमच्या किमतीचं बिल १९५० साली आलं. राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदू सोडून इतर धर्माचा माणूस अनुसूचित जातीत राहिला नाही. शीख १९५६ मध्ये आत आले, बौद्ध १९९० मध्ये. ख्रिस्ती अजून बाहेर. राखीव मतदारसंघ नाही, ॲट्रॉसिटी लागत नाही. गावात मात्र कुणी जात विसरलेलं नाही. म्हणून कित्येक घरांत दाखल्यावर 'हिंदू महार' आणि रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर. कागदावर नाव एक, मंडळीच्या (चर्चच्या) वहीत दुसरं.

शब्दसेवक
वाईट वाटतं, पण स्पष्टच बोलतो. कागदावर ख्रिस्त नाकारणं हेही नाकारणंच. सवलत सोडणं हीच आजची किंमत. बाबासाहेबांबरोबर १९५६ ला बौद्ध झालेल्यांनी केंद्रातल्या सवलतींविना ३४ वर्षं काढली, दीक्षा लपवली नाही.

प्रवराकाठ
ते भांडले आणि १९९० ला आदेश बदलून घेतला. आमची मंडळी आम्हाला वधस्तंभ उचलायला सांगते, तो आदेश बदलायला किती पाळक रस्त्यावर उतरले? तुम्ही कुठल्या जातीतून आलात ते विचारत नाही, प्रोफाइलवर आडनाव आहेच. पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म समोर आहे. ख्रिस्ती म्हणून ओबीसीत भरला तर अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती जाते. ती बारावीला आहे, तिनं कसलीच शपथ घेतलेली नाही. धाग्याचा मूळ प्रश्न हाच होता ना? द्या उत्तर.

खडूस वाचक
@शब्दसेवक, वाट बघतोय.