नवा लॅपटॉप: दोन सारखे दिसणारे सी-पोर्ट, पण चार्जिंग एकावरच. प्रोजेक्टरसाठी नेमकं काय घेऊ?

माणदेशी

नमस्कार मंडळी. माणदेशात एका वाडीवरच्या शाळेत शिकवते. दोन शिक्षकी शाळा आहे. साठवलेल्या पैशांतून पहिल्यांदाच स्वतःचा लॅपटॉप घेतला, १४ इंची, विंडोज ११. आतापर्यंत सगळं काम मोबाईलवरच चालायचं. त्यामुळे याच्या दोन्ही कडांना एवढी भोकं बघून गोंधळ उडालाय.

डावीकडे एचडीएमआय, एक सी, एक नेहमीचा रुंद यूएसबी आणि हेडफोनचं भोक. उजवीकडे पुन्हा एक सी, एक रुंद यूएसबी आणि एक लांबट छोटी खाच, जिच्यात काहीच बसत नाही. चार्जर सी-पिनचा, ६५ वॅटचा.

डावीकडच्या सी मध्ये लावला की चार्ज होतो, उजवीकडच्यात नाही. पोर्ट खराब आहे का? शाळेतल्या प्रोजेक्टरला फक्त जुनी निळी १५ टाचण्यांची पिन आहे. दुकानदार म्हणाला, नऊ पोर्टांचा हब (एका सी-पोर्टातून अनेक भोकं काढून देणारी डबी) घ्या, साडेतीन हजार. हार्ड डिस्कवरून मुलांना व्हिडिओ दाखवताना बिनतारी माऊस अडखळतो, एरवी छान चालतो. आणि शाळेत चार्जिंगला लावून हात ठेवला की पत्र्याच्या कडेला बारीक झिणझिण्या येतात. घरी येत नाहीत.

जाणकारांनी सांगावं. पैसे एकदाच घालवायचे आहेत.

सोल्डरवाला

ताई, पोर्ट खराब नाही. मिरजेत गेली १८ वर्षं दुरुस्ती करतोय, आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. सी हा फक्त आकार आहे. २४ टाचण्यांचं, उलटसुलट कसंही बसणारं भोक, एवढीच त्याची ओळख. त्यातून चार्जिंग घ्यायचं की नाही, चित्र बाहेर काढायचं की नाही, हे कंपनी प्रत्येक पोर्टला वेगळं ठरवते. एकाच लॅपटॉपवर एक पोर्ट सगळं करणारा आणि शेजारचा फक्त फाईली नेणारा, असं सर्रास असतं.

मोबाईलचा टॉर्च लावा आणि भोकाशेजारची खूण बघा. बॅटरीचं किंवा प्लगचं चित्र असेल तर चार्जिंग होतं. इंग्रजी 'डी' आणि 'पी' एकमेकांत गुंतवल्यासारखी खूण म्हणजे डिस्प्लेपोर्ट, तिथून पडद्याला चित्र जातं. विजेचा बाण असेल तर बहुधा थंडरबोल्ट, म्हणजे सगळंच. पण रुंद यूएसबीजवळ तोच बाण दिसला तर अर्थ वेगळा: लॅपटॉप बंद असतानाही त्यातून मोबाईल चार्ज होतो. 'एसएस' आणि पुढे ५ किंवा १० म्हणजे वेग, सेकंदाला तेवढे गिगाबिट. काही कंपन्या खुणा छापतच नाहीत, तेव्हा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साईटवरून पुस्तिका उतरवा. तिच्यात दोन्ही कडांचं चित्र असतं. ते एक पान छापून बॅगेत ठेवा.

ती लांबट खाच कुलपाची आहे. पोलादी वायरचं कुलूप तिच्यात अडकवून लॅपटॉप टेबलाला बांधता येतो. दुसरं काही तिच्यात घालू नका.

पेठेतला

हब घेऊन टाका ताई. मी घेतलाय, एकाच वायरीत चार्जिंग, पडदा, पेनड्राईव्ह, लॅन सगळं. टेबलावर पसारा नाही.

सोल्डरवाला

@पेठेतला, घरच्या टेबलासाठी तुमचं बरोबर आहे, तिथे मीही हेच सुचवतो. पण ताईंना रोज बॅगेतून न्यायचंय, आणि एचडीएमआय तर लॅपटॉपलाच आहे. प्रोजेक्टरसाठी 'एचडीएमआय ते व्हीजीए' कन्व्हर्टर पुरे, हबच्या किमतीच्या चौथाईतही येतो.

फक्त दोन गोष्टी बघून घ्या. एचडीएमआय डिजिटल आणि ती निळी व्हीजीए ॲनालॉग, १९८७ सालची. मध्ये चिप लागते. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी नुसती सरळ केबल मिळते, तिने चित्र येत नाही. मधे डबी असलेला घ्या. दुसरं म्हणजे दिशा. 'व्हीजीए ते एचडीएमआय' नावाचा हुबेहूब तसाच दिसणारा डबा असतो, तो उलट चालत नाही. लॅपटॉपकडची बाजू एचडीएमआय आणि प्रोजेक्टरकडची व्हीजीए, असं दुकानात तोंडाने सांगा.

व्हीजीएतून आवाज जात नाही. साउंड बॉक्स लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकाला लावा. एचडीएमआय जोडल्यावर विंडोज कधीकधी आवाज तिकडेच वळवतं, म्हणून खाली घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चित्रातून आउटपुट बदला. त्या भोकाबद्दल आणखी एक: त्यात हेडफोन आणि माईक एकत्र असतात, चार पट्ट्यांची पिन लागते. जुना वेगळ्या पिनेचा माईक थेट चालत नाही, त्याला छोटा स्प्लिटर लागतो.

चित्र आलं नाही तर विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबा आणि 'डुप्लिकेट' निवडा. जुने प्रोजेक्टर बहुतेक १०२४ बाय ७६८ चे असतात. चित्र कापलेलं किंवा चेपलेलं दिसलं तर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तेवढंच रिझोल्यूशन द्या.

वायरमन_काका

झिणझिण्यांचं कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. आधी ते बघा, बाकीचं मागाहून.

चार्जरच्या आत विजेतला गोंगाट गाळायला एक छोटा कपॅसिटर असतो, तो मेन लाईन आणि लॅपटॉपकडची बाजू यांच्यामध्ये बसवलेला. त्यातून अगदी थोडा करंट लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येतो. तीन पिनांच्या चार्जरमध्ये तो अर्थिंगवाटे निघून जातो. सॉकेटला अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात ॲडॉप्टर लावून घातला असेल, तर त्याला वाट मिळत नाही आणि तो तुमच्या बोटांना जाणवतो. घरी येत नाही, शाळेत येतो, म्हणजे शाळेच्या त्या बोर्डाचं अर्थिंग नाही किंवा तुटलंय.

नव्या, चांगल्या चार्जरने जिवाला धोका नसतो. पण अर्थिंग नसलेल्या त्याच बोर्डावर उद्या पाण्याचा कूलर किंवा मोटार लागली तर? शाळा आहे, पोरं हात लावणार. बाई, मुख्याध्यापकांना सांगून वायरमन बोलवा. फेज आणि अर्थ यांत मीटरवर जवळजवळ फेज-न्यूट्रल एवढाच व्होल्टेज दिसायला हवा, आणि न्यूट्रल-अर्थ यांत अगदी थोडा. लोक जाड पिन मोडून प्लग घुसवतात, ते कधीही करू नका.

याचा तुमच्या पोर्टशीही संबंध आहे. लॅपटॉप अर्थिंगविना आणि प्रोजेक्टर दुसऱ्या बोर्डावर अर्थिंगसह, अशा वेळी केबल जोडताना टोकाशी ठिणगी उडू शकते आणि एचडीएमआयची चिप जाऊ शकते. म्हणून आधी केबल लावा, मग दोन्हीकडची बटणं चालू करा. काढताना आधी बटणं बंद.

सोल्डरवाला

काकांना +१. पावसाळ्यात एचडीएमआय गेलेले लॅपटॉपचे मदरबोर्ड माझ्याकडे ढिगाने येतात. चिप बदलण्याचा खर्च कन्व्हर्टरच्या कितीतरी पट होतो.

राईनकाठी

जर्मनीत असतो. इकडे युरोपात २८ एप्रिल २०२६ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपला सी-पोर्टवरून चार्जिंग सक्तीचं आहे, मोबाईलला ते २८ डिसेंबर २०२४ पासूनच लागू झालं. त्यामुळे कुठलाही सी-चार्जर कुठेही लावायची सवय लोकांना लागली आहे. पण त्यात वॅट बघावे लागतात. ६५ वॅट म्हणजे २० व्होल्ट आणि सव्वातीन अँपिअर. मोबाईलचा चार्जर ९ किंवा १२ व्होल्टवर थांबत असेल तर लॅपटॉप 'स्लो चार्जर' म्हणेल, किंवा घेणारच नाही. जळणार मात्र नाही, दोन्ही बाजू आधी बोलून घेतात आणि मगच व्होल्टेज वाढतो.

केबलचंही तसंच. मोबाईलसोबत आलेली सी-सी केबल बऱ्याचदा ४८० मेगाबिटवालीच असते. चार्ज करते, पण चित्र नेत नाही आणि फाईली सावकाश नेते. ५० जीबीचे व्हिडिओ तिच्यातून न्यायला वीस मिनिटांहून जास्त लागतात, तेच चांगल्या केबलने आणि एसएसडीने (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कने) दोन-अडीच मिनिटांत होतं. ६० वॅटच्या वर न्यायचं असेल तर केबलमध्ये स्वतःची ओळख सांगणारी चिप लागते. तुमच्या चार्जरची केबल वेगळी निघत असेल तर तिला धागा बांधून ठेवा, म्हणजे घरात मोबाईलच्या केबलींत मिसळणार नाही.

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्च लावून बघितलं. डावीकडे बॅटरी आणि ती डी-पी ची खूण आहे. उजवीकडे फक्त एसएस १०. दोन पानं भरून लिहून घेतलं. बोर्डाला तिसरं भोक आहे, पण मागे वायरच नसावी असं आता वाटतंय. वर्गात पोरं दाटीने बसतात, म्हणून तो बोर्ड आजच टेप लावून बंद केला.

माऊसचं राहिलं. शिवाय आमच्याकडे वीज जाते, लॅपटॉपसाठी पॉवरबँक घ्यावी का?

सोल्डरवाला

माऊस आणि हार्ड डिस्क एकाच बाजूला लावता का? यूएसबी ३ चा वायरीतला गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि माऊसची छोटी रिसीव्हर पिन त्याच लहरींवर ऐकते. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. रिसीव्हर डावीकडे आणि डिस्क उजवीकडे लावा. तरी अडखळला तर रिसीव्हरला हातभर एक्स्टेंशन केबल लावून डिस्कपासून लांब ठेवा. नवा माऊस घेऊ नका.

तुमची डिस्क फिरणारी असेल तर ती थेट लॅपटॉपलाच लावा. रुंद यूएसबी ३ पोर्ट ९०० मिलिअँपिअर देतो, जुना २ चा ५०० च. बिनचार्जरच्या हबवर डिस्क, पेनड्राईव्ह आणि माऊस एकदम लावले की डिस्क मध्येच टकटक करून बंद पडते. डिस्कवर फाईल उतरत असतानाच वीज तुटली तर फाईली खराब होतात. हब नको म्हणायचं माझं खरं कारण हे.

राईनकाठी

पॉवरबँक घ्याच, पण तिच्यावर २० व्होल्टचं आउटपुट लिहिलेलं हवं, ४५ वॅट तरी. २०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे साधारण ७४ वॅट-तास. थोडं वाया जाऊनही ५० वॅट-तासाची लॅपटॉपची बॅटरी एकदा भरते. फक्त मोबाईलची जलद पॉवरबँक घेतलीत तर पैसे वाया जातील.

पेठेतला

मी हबचा आग्रह मागे घेतो. चार्जर, डिस्क आणि पडदा रोज टेबलावरच असतात, म्हणून माझं जमतं.

प्रश्नपत्रिका तुम्ही लॅपटॉपवरच टाईप करणार असाल ना? विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घ्या आणि कीबोर्डांत फोनेटिक निवडा. मग विंडोज बटण आणि स्पेस दाबून अदलाबदल करता येते. मोबाईलवर 'शाळा' इंग्रजी अक्षरांत टाईप करायची सवय असेल तर इथे पहिल्या दिवसापासून जमेल.

आणि बॅटरीसाठी कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते. दिवसभर वायरीवर काम असेल तेव्हा ती चालू ठेवा.

माणदेशी

आज शनिवारची अर्धी शाळा होती. म्हसवडला जाऊन डबीवाला कन्व्हर्टर आणला. दुकानदाराने आधी उलट दिशेचाच काढला होता. तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, मग त्याने दुसरा दिला. केबल आधी लावली, बटणं नंतर. पहिल्यांदा चित्र चेपलेलं आलं, १०२४ बाय ७६८ केल्यावर भिंतभर नीट दिसलं. माऊसची पिन डावीकडे घेतली आणि अडखळणं थांबलं.

वायरमन येऊन गेले. मागे अर्थिंगची वायर सुटून लोंबत होती. दोन्ही वर्गांतले बोर्ड उघडून बघितले, दुसऱ्यातही तीच गत. मैदानाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा नवा खड्डा घ्यायचं ठरलंय, सोमवारी सामान येईल. तोवर लॅपटॉप घरूनच चार्ज करून नेते.

वायरमन_काका

शाब्बास बाई. खड्डा झाला की मीटर लावून आकडा घ्यायला सांगा आणि तो इथे लिहा, मी बघतो.