देव बदलत नाही म्हणता, मग त्याला पस्तावा कसा होतो?

नवा_वाचक
नमस्कार सगळ्यांना. बायबल पहिल्यांदाच सलग वाचतोय आणि १ शमुवेलच्या १५ व्या अध्यायात पार अडकलोय. ११ व्या वचनात परमेश्वर म्हणतो, शौलाला राजा केलं याचा मला पस्तावा होतोय. २९ व्या वचनात शमुवेल संदेष्टा त्याच शौलाला तोंडावर सांगतो की देव काही माणूस नाही पस्तावा करायला. आणि ३५ व्या वचनात अध्याय संपतो तो परत परमेश्वराला पस्तावा झाला असंच म्हणून. एकाच अध्यायात! लिहिणाऱ्याच्या हे लक्षातच आलं नसेल असं मला तरी वाटत नाही. उत्पत्ती ६ मध्ये जलप्रलयाच्या आधीही तेच, माणूस निर्माण केला म्हणून देवाला वाईट वाटलं. आता ज्याला पुढचं सगळं आधीच माहितीये त्याला पस्तावा कसला, आणि जो बदलतच नाही त्याच्याकडे प्रार्थना तरी कशासाठी करायची? वाद घालायला विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

जैतून
छान प्रश्न. चर्चचं जुनं उत्तर असं की बायबल देवाबद्दल माणसाच्या भाषेत बोलतं. देवाचा हात, देवाचे डोळे असं आपण वाचतो, म्हणून देवाला शरीर आहे असं कोणी धरत नाही ना, तसंच पस्ताव्याचं. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने १३ व्या शतकात हे नीट मांडलंय: बदलायचं म्हणजे जे नाही ते मिळवायचं किंवा जे आहे ते गमवायचं, आणि देव तर परिपूर्ण, तो काय मिळवणार आणि काय गमवणार? इंग्लंडच्या चर्चच्या १५७१ च्या ३९ कलमांत पहिल्याच कलमात देवाला शरीर नाही, भाग नाहीत, भावनांचे विकार नाहीत असं म्हटलंय. थोडक्यात देवाची आज्ञा मोडून शौल बदलला, देव नाही.

अंजिराखाली
वरचं उत्तर चूक नाहीये पण मला ते अर्धवट वाटतं, कारण 'ही फक्त बोलायची पद्धत' म्हटलं की त्या वचनांना काही वजनच उरत नाही. त्याच ११ व्या वचनात शमुवेल रात्रभर परमेश्वराचा धावा करत राहिला असं आहे, ते काय नुसत्या बोलायच्या पद्धतीसाठी?

योनाचं पुस्तक वाच, चारच अध्याय आहेत. देव या संदेष्ट्याला निनवे शहरात पाठवतो, तो आधी उलट तार्शीशला पळतो, पण शेवटी निनवेला जाऊन ओरडतो की ४० दिवसांनी हे शहर उलथणार. त्यात 'पश्चात्ताप केलात तर वाचाल' असं अवाक्षरही नाही. तरी राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, गोणपाट नेसतो, गुराढोरांनाही उपास घडवतो, आणि देव ते अरिष्ट आणत नाही. आता गंमत बघ, योना यावर भयंकर चिडतो पण 'तू बदललास' अशी त्याची तक्रारच नाही. ४:२ मध्ये तो म्हणतो की मला आधीच माहीत होतं, तू कृपाळू, दयाळू, मंदक्रोध, म्हणून तर मी तार्शीशला पळालो! हे शब्द त्याचे स्वतःचे नाहीत, निर्गम ३४:६ मध्ये देवाने मोशेसमोर आपली ओळख करून दिली तेव्हाचे आहेत. म्हणजे शिक्षा मागे घेणं हाच देवाचा कायमचा स्वभाव, त्या दिवशी त्याने निनवे बुडवलं असतं तर तो बदलला असं म्हणायची वेळ आली असती. यिर्मया १८ मध्ये तर हे सरळ नियमासारखं सांगितलंय, मी एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन म्हटलं आणि ते वळलं तर मी थांबेन, आणि उलटंही.

म्हणून १ शमुवेल १५ मध्ये मला विरोध दिसत नाही. शौल झग्याचा काठ धरून ओढतो, तो फाटतो, आणि शमुवेल सांगतो की राज्य असंच तुझ्यापासून फाडून घेतलंय. २९ वं वचन त्या क्षणाचं आहे: गयावया करून देवाचा निर्णय फिरवता येईल असं समजू नकोस. देवाला दुःखच होत नाही असं ते म्हणत नाही.

बेथानी_वाट
दुःखावरून माझं थोडं वेगळं मत. होशेय ११ मध्ये देव म्हणतो, एफ्राइमा (म्हणजे इस्राएल लोकांना) मी तुला कसा सोडू, माझं मन कालवलंय, आणि लगेच पुढे, कारण मी देव आहे, माणूस नव्हे! माणूस नाही म्हणून कोरडा, असं नाही, माणूस नाही म्हणून सोडत नाही. आणि ख्रिस्ती माणसाला शेवटी क्रूसापाशीच यावं लागतं. ४५१ मध्ये खाल्केदोनच्या चर्च-परिषदेत ठरलं की येशू खरा देव आणि खरा मनुष्य, दोन्ही स्वभाव न मिसळता, न बदलता एकाच व्यक्तीत. त्यावरून जुने आचार्य म्हणायचे की क्रूसावर दुःख सोसलं ते देवाच्या पुत्रानेच पण आपल्या मनुष्यस्वभावात. विसाव्या शतकात युर्गेन मोल्टमान या जर्मन धर्मपंडितासारख्यांना हे पुरेसं वाटलं नाही, पुत्र मरताना बापाला काहीच झालं नाही असं कसं म्हणता? मला स्वतःला मोल्टमान जवळचा वाटतो, पण देवावर दुःख येऊन आदळतं असं नाही, तो प्रेमापोटी आपणहून ते घेतो, हा फरक धरूनच.

नवा_वाचक
योनाचं कधी असं वाचलंच नव्हतं, आजच परत काढतो. पण प्रार्थनेचं राहिलं ना? स्वभाव ठरलेला असेल तर आपण मागून काय फरक पडतो?

अंजिराखाली
निर्गम ३२ बघ. लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजल्यावर देव मोशेला म्हणतो, आता मला सोड, मी यांना भस्म करतो. नष्टच करायचं असतं तर मोशेला विचारायची काय गरज होती? मला वाटतं तिथेच दार उघडं ठेवलंय. आणि मोशे मागतो कशाच्या जोरावर, तर तू अब्राहाम, इसहाक आणि इस्राएल या पूर्वजांना शपथ वाहिलीस ती आठव. म्हणजे देव शब्द फिरवत नाही, याच भरवशावर तो विनंती करतोय. बदलणारा देव असता तर मोशेकडे धरायला काय होतं? अक्वायनसही प्रार्थनेबद्दल हेच म्हणतो की आपण देवाचा बेत बदलायला मागत नाही, जे द्यायचं ते मागण्यातूनच द्यायचं असं त्यानेच ठरवलंय. तेव्हा मागायचं, आणि बिनधास्त मागायचं, मोशेने मागितलं तसं.