कॉलनीत भोपळा सप्ताह करायचाय, ऑक्टोबरच्या उन्हात जमेल का?

मेहरूणची ताई:
आमची कॉलनी जळगावात, चाळीसेक घरं. पोरांनी मोबाईलवर ३१ ऑक्टोबरचे ते हॅलोविनचे भोपळे पाहिलेत, तेव्हापासून तोंडं कोरायचा हट्ट धरलाय. आजी-आजोबांचं एकच पालुपद, 'खायची वस्तू, वाया घालवू नका.' दोघांचंही राखायचंय. कोजागिरीनंतर आठवडाभर, रोज संध्याकाळी तासभर, आईबाप पोरांसोबत बसतील असं काहीतरी हवंय. भोपळे किती आणू? कोरलेला किती टिकतो? चार-पाच वर्षांच्या लहानग्यांना काय द्यावं?

चोपड्याचा शेतकरी:
ताई, बेत भारी शे. पावसाळ्यात लावलेला लाल भोपळा साडेतीन-चार महिन्यांत पिकतो, म्हणजे तुमच्या वेळेला माल मिळेल. घेताना देठ बघा, दोन-तीन बोटं तरी असायला हवा. देठ तुटला की तिथूनच सड लागते. सालीत नख रुतलं तर कोवळा आहे, सोडा. आणि पोरांना सांगून ठेवा, देठाला धरून उचलायचा नाही. चांगला पिकलेला अख्खा भोपळा सावलीत, पेंढ्यावर सुटासुटा ठेवला तर दोन महिने कुठं जात नाही. चाळीस घरांना दहा-बारा पुरे.

कोरलेला मात्र आपल्या उन्हात दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, तिसऱ्या दिवशी चिलटं. म्हणून कोरणं शेवटच्या संध्याकाळी. आपला गर जाड, साल कडक, तेव्हा सुरी मोठ्यांच्या हातात. लहानग्यांना चमचे द्या, बिया ओरबाडायला त्यांना फार आवडतं. गर दिवा लावायच्या आधीच काढून स्वयंपाकघरात पाठवा, आजी-आजोबांची तक्रारच मिटली.

पहिल्या दिवशी वजनाचा अंदाज ठेवा. सुतळीने घेर मोजायचा, मग काटा. मोठा दिसतो तो आतून पोकळ निघतो, हे पोरांना पटतच नाही.

जमलं तर एका सकाळी वेलावर या. सातलाच या, उन्हं चढली की फुलं मिटतात. लांब बारीक देठाचं फूल नर. मादीच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो. मधमाशी आली नाही तर तो पिवळा पडून गळतो. हे समोर दाखवलं की पुस्तकात शोधावं लागत नाही. भज्यांसाठी नर फुलंच तोडा, तीही फवारणी नसलेल्या वेलाची.

धरणगावच्या काकू:
कानबाई देवीच्या रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या सणाला, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी लागतेच आमच्याकडे, मग हे पोरांना परकं कशाला वाटेल? सुरुवात कोजागिरीलाच करा. पोरींच्या भुलाबाईच्या खेळाचा शेवटचा दिवस, त्या गाणी म्हणतात, नंतर डबा हलवून खाऊ ओळखायचा असतो. त्या डब्यात घारगे घाला. किसलेला भोपळा गुळासोबत शिजवायचा, गार झाला की त्यात मावेल तेवढी कणीक, मूठभर तांदळाचं पीठ. पाण्याचा थेंब नको. वरून खसखस लावून जाडसर थापा. पातळ केले की तेल पितात.

आमच्या सासूबाई अख्खं गंगाफळ बाईला फोडू देत नसत, पहिला घाव पुरुषाचा. मी मानत नाही, पण तुम्ही तो नियम लावाच. तेवढे तरी बाप लोक टीव्हीसमोरून उठतील.

भुसावळकर:
सात दिवस भोपळा? चौथ्या दिवशी माणसं शेवभाजी मागतील बघा. मधे एक संध्याकाळ भरीत-पुरीची ठेवा, वर्गणी आपोआप गोळा होईल.

मेहरूणची ताई:
भुसावळकर, भरीत मंजूर, वांगी तुम्ही आणा! काकू, पहिल्या घावासाठी आमचे अध्यक्ष आतापासूनच बाह्या सरसावून बसलेत. लहानग्यांच्या बियांचं काय करू, भाजू का?

चोपड्याचा शेतकरी:
धुऊन, सावलीत वाळवून, मीठ लावून मंद आचेवर भाजा. थोड्या न भाजता राखेत घोळून ठेवा, जूनमध्ये कुंपणाला लावायला होतील. पण कुंडीत लावू नका, वेल अख्खी गच्ची घेतो.

मेहरूणची ताई:
दादा, शनिवारी सकाळी येतो. टेम्पो बांधापर्यंत येईल ना?

चोपड्याचा शेतकरी:
नाल्यापर्यंतच. पुढे पायी. रात्री पाऊस झाला तर येऊ नका, काळी माती चपला ठेवून घेते.