सबस्टेशनच्या राफ्टच्या (खालच्या सलग काँक्रीट पायाच्या) सळया अर्थिंगला पुरतील का? सल्ला हवा

खाडीकाठ: विक्रोळी पूर्वेला ३३/११ केव्ही सबस्टेशन. वर मुरमाचा भराव, खाली खाडीचा गाळ. फॉल्ट (बिघाडातला करंट) २५ केए, म्हणजे २५,००० अँपिअर, १ सेकंद. राफ्ट पुढच्या आठवड्यात ओतायचाय. सळयांवरच अर्थिंग भागेल की केमिकल पिट (रसायनी भरणात पुरलेले अर्थिंगचे रॉड) घ्यावेत? घ्यायचे तर कुठले? बजेट ४ लाख, त्यापुढे एक रुपया नाही.

कातळ_१६: केमिकल पिट घेऊ नका. १०० ओहम-मीटर मातीत ३ मीटरचा रॉड एकटा ३३ ओहमच्या आसपास राहतो. जमिनीतलं ओलं काँक्रीट ३० ते २०० ओहम-मीटर, आणि राफ्टचा पसारा केवढा! अमेरिकन अभियंता हर्बर्ट उफर यांनी १९४२ साली अॅरिझोनाच्या कोरड्या जमिनीत दारूगोळ्याच्या कोठारांना असंच काँक्रीटमधल्या सळयांचं अर्थिंग केलं होतं.

तांबंच_घाला: संपूर्ण ग्रिड (जमिनीतली अर्थिंगची जाळी) तांब्याची करा. खाऱ्या जमिनीत आमची अजून शाबूत आहे.

कातळ_१६: ४ लाखांत?

तांबंच_घाला: अर्थिंगमध्ये पैसे वाचवू नयेत.

मेगरवाला: आधी दोन गोष्टी तपासा. राफ्टखाली वॉटरप्रूफिंगचं मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पडदा) आहे का? सळयांना इपॉक्सीचा लेप आहे का? खाडीकाठी दोन्ही सर्रास करतात. असतील तर सळई मातीपासून तुटलेली. इलेक्ट्रोड (करंट मातीत सोडणारा भाग) म्हणून धरू नका. नसतील तर पिंजऱ्याच्या तळाशी परिघाने वेगळी एमएस (साध्या पोलादाची) पट्टी फिरवा, तिचे जोड वेल्ड करा, सळयांना दर २-३ मीटरला क्लॅम्प. मुख्य टीएमटी सळयांवर वेल्डिंग नको. पट्टीवर काँक्रीटचं कव्हर किमान ५० मिमी.

सांधा: सळया बांधायची बाईंडिंग वायरच पुरते, शेकडो गाठी समांतर असतात.

मेगरवाला: आकाशातली वीज पडली तर पुरते. २५ केए एक सेकंद टिकला तर काँक्रीटमधल्या ओलाव्याची वाफ होते आणि तडे जातात. फॉल्ट बाहेरच्या ग्रिडने घ्यायचा, राफ्टने फक्त हातभार लावायचा.

पट्टीवाला: बाहेर ५०×६ मिमीची जीआय (जस्ताचा थर दिलेली पोलादी) पट्टी लावा, सगळीकडे तीच असते.

मेगरवाला: आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकात १ सेकंदाला पोलादाला ८० अँपिअर प्रति चौ. मिमी. २५,००० भागिले ८० म्हणजे ३१३ चौ. मिमी, तुमची पट्टी ३०० ची. गंजाची सूट तर धरलीच नाही. शिवाय काँक्रीटमधली सळई तांब्यासारखी वागते. तिला जोडलेल्या मातीतल्या जीआयचं जस्त आधी जातं. म्हणून मातीतला भाग स्टेनलेस घ्या.

कातळ_१६: पिट नकोत, परत सांगतो.

सांधा: राफ्टमधून पट्टी बाहेर येते ती मान बघा. वरून धड दिसते, पण काँक्रीटच्या कडेला बोटभर रुंदीत गंजाचे पापुद्रे सुटून निम्मी झालेली असते. आत-बाहेर १०० मिमी हीट श्रिंक (तापवल्यावर घट्ट बसणारी नळी) चढवा. आणि अर्थिंगच्या रोधाचं रीडिंग, येणाऱ्या केबलचं धातूचं आवरण जोडण्याआधी, तीन खुंट्यांच्या पद्धतीने घ्या. नंतर क्लॅम्प मीटर लावलात तर केबलसकट सगळं मिळून छान आकडा दाखवेल.

खाडीकाठ: मेम्ब्रेन आहे. म्हणजे राफ्ट हिशेबात नाही. स्पर्श व्होल्टेजसाठी (फॉल्टच्या वेळी यंत्राला हात लावणाऱ्याला बसणारा व्होल्टेज कमी राहावा म्हणून) तो ग्रिडला फक्त दोन ठिकाणी जोडतो. पिट नाहीत, तांबं नाही, स्टेनलेसही नाही. यार्डात ७५×१० जीआय पडून आहे, तीच ग्रिडला. दर मे महिन्यात एक सांधा उकरून कॅलिपर लावणार. हीट श्रिंक आजच मागवली.